उजेडात ठेवलेले बटाटे

४ फेब्रुवारी

श्री. थोरले साडूभाऊ यांस,
स. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नका, घरी सगळे ठीक आहेत. तुम्हाला फोन घ्यायचा तर पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, आणि ताईंनी तुम्हाला टाकीवर चढायची बंदी केल्याचं कळलं. म्हणून कागद घेतला. हा कागद जरा नीट बघा. डाव्या कोपऱ्यात छापलंय ते माझं नवं पद : 'वर्ण व दर्जा अधिकारी'. बारा वर्षं या भाजी-कंपनीत मी नुसता माल-तपासनीस होतो. काम तेच आहे, आलेला माल बघायचा. पण आता खुर्ची फिरते.

झालं असं, की कंपनीनं नवं दुकान उघडलंय. त्याला दुकान म्हणायचं नाही, 'दालन' म्हणायचं. भिंती काचेच्या, फळ्या काचेच्या, छतसुद्धा काचेचं, आणि वरून पांढरेशुभ्र दिवे चोवीस तास चालू. आमच्या मोठ्या साहेबांचं म्हणणं, इतर लोक माल अंधारात ठेवतात कारण त्यांना काहीतरी लपवायचं असतं. उद्घाटनाच्या भाषणात ते म्हणाले, "अंधार हा भेसळीचा सख्खा भाऊ आहे." आम्ही टाळ्या वाजवल्या. मी जरा जास्तच वाजवल्या असाव्यात, कारण बढतीचं पत्र दुसऱ्याच दिवशी हातात पडलं.

तर मुद्दा असा. दालनाच्या मधोमध बटाट्यांचा मनोरा रचायचाय. बटाटा कुणाचा, असा प्रश्न निघाल्यावर मी छातीठोकपणे तुमचं नाव घेतलं. साठ पोती हवीत. सोबत रंगाचा पुठ्ठा पाठवतोय. त्यावर एक ते आठ चौकोन आहेत. आपल्याला क्रमांक चार हवा, 'फिकट सोनेरी, तजेलदार'. तीन चालेल. पाच आला तर मला साहेबांशी बोलावं लागेल. सहाच्या पुढचा माल 'नाकारावा' असं पुठ्ठ्यावरच छापलंय. माल धुऊन पाठवावा.

ताईंना नमस्कार. त्यांची धाकटी, म्हणजे आमची ही, म्हणते, पदाचं ताईला आधी सांगा.

आपला,
धाकटा साडू
(वर्ण व दर्जा अधिकारी)


११ फेब्रुवारी

धाकटे साडूभाऊ,

पुठ्ठा मिळाला. तुमच्या ताईंनी तो सगळ्यात आधी माझ्या तोंडाशी धरला. मी क्रमांक सात निघालो. नाकारलं मात्र नाही, एवढ्या वर्षांनी कुठं परत करणार म्हणाल्या.

अभिनंदन. खुर्ची फिरते हे वाचून बरं वाटलं. फिरताना तोंड कुणीकडे होतं तेवढं लक्षात असू द्या.

बटाटे देतो. काढणी होऊन पंधरा दिवस झाले. साल कोवळी होती म्हणून अंधाऱ्या कोठीत, जरा उबेला पसरून ठेवले होते. अंगठ्यानं घासून साल सुटली नाही की पक्की झाली म्हणायची. आता झालीय. रंगाचं म्हणाल तर आमचा बटाटा तुमच्या चौकोनाला विचारून वाढत नाही. खालच्या तुकड्यात माती काळी आणि चिकट, तिथला बटाटा मळकट दिसतो. वरच्या तुकड्यात रेताड, तिथला गोरा निघतो. चवीला खालचा सरस. पण तुम्हाला वरचाच पाठवतो. तुमच्या गिऱ्हाइकाला जीभ नंतर, डोळे आधी.

धुऊन मात्र पाठवणार नाही आणि तुम्हीही धुऊ नका. अंगावर माती आहे तोवर बटाट्याला थोडा आडोसा असतो. तो जमिनीखाली राहणारा जीव. उजेड लागला की त्याला वाटतं आपण पान झालो, आणि तो हिरवा व्हायला लागतो. नुसता रंग बदलला असता तर काही म्हटलं नसतं. हिरव्याबरोबर आत कडू विष धरतं. उगाच का आम्ही वाकून वाकून रोपाला दोनदा मातीची भर लावतो? बटाट्यानं उघड्यावर डोकं काढू नये म्हणून.

काचेचं छत वाचून मी हसलो. मग हसू आवरलं. वर निदान गोणपाट टाका, आणि दुकान बंद झालं की दिवे घालवा.

साठ पोती गुरुवारच्या ट्रकनं येतील. नव्वद पोती मागे ठेवतोय, ती पुढच्या दोन महिन्यांत जातील.

तुमचा,
साडू


२१ फेब्रुवारी

श्री. थोरले साडूभाऊ यांस,
स. न. वि. वि.

माल पोचला. काय माल आहे! मी स्वतः पोती उघडली आणि आवक-वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं : वर्ण चार, साल पक्की, हिरवेपणा शून्य. साहेबांनी एक बटाटा उचलून उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "याला व्यक्तिमत्त्व आहे."

तुमचा सल्ला मी वाचला. पण इथली कामाची पद्धत वेगळी असते. माल धुवावाच लागला. त्याच दिवशी मनोऱ्यातल्या प्रत्येक बटाट्यावर कंपनीचं सोनेरी गोल लेबल डकवलं. त्यावर लिहिलंय, 'आम्ही काहीच लपवत नाही'. अशा बटाट्यावर मी गोणपाट टाकायचं म्हटलं तर लोक काय म्हणतील?

तरी तुमच्या शब्दाला मान देऊन मी एक सूचना मांडली : मनोऱ्यात वरच्याच बटाट्यांना सगळा उजेड लागतो, हे बरोबर नाही. साहेबांना ती फार आवडली. आता रोज सकाळी मनोरा उलटून रचतात, म्हणजे प्रत्येक बटाट्याला उजेडाची समान संधी मिळते.

मनोऱ्यात चाळीस पोती मावली. उरलेली वीस शीतगृहात पालेभाजीशेजारी ठेवली आहेत. तिथं फार थंड असतं, त्यामुळे चिंता नाही.

आपला,
धाकटा साडू


२७ फेब्रुवारी

धाकटे साडूभाऊ,

समान संधीचं वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि बाहेर जाऊन थोडा फिरून आलो.

एक गोष्ट सांगतो, ती आजवर सासरेबुवांनाही सांगितली नव्हती. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी आळस केला आणि दुसरी भर लावली नाही. वर पाऊस असा लागला की होती ती मातीही वाहून गेली. निम्मे बटाटे सरीवर डोकं काढून बसले, पोपटासारखे हिरवे. टाकवेनात. मी म्हटलं, हिरवं तेवढं खरवडू, बाकी उकडू. पहिल्या घासालाच घसा चुरचुरला. मी म्हटलं, मीठ कमी पडलं असेल. दोन तासांनी पोटात कळा सुरू झाल्या आणि दोन दिवस आम्ही नवरा-बायको आळीपाळीनं ओकत होतो. तुमच्या ताई तेव्हा वीस वर्षांच्या होत्या. मला अजून ती शिवी ऐकू येते.

उकडून, तळून ते विष जात नाही. हिरवा झालेला बटाटा पुन्हा अंधारात ठेवला तरी गोरा होत नाही. तेव्हा हिरवा दिसला की टाकायचा. आणि शीतगृहाचं म्हणाल तर पालेभाजीची थंडी बटाट्याला सोसत नाही. आतल्या पिठाची साखर होते. तळून बघा, कळेल.

तुमचा,
साडू


८ मार्च

श्री. थोरले साडूभाऊ यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात इथं बरीच धावपळ झाली. म्हणजे, काळजीचं काही नाही.

मनोऱ्याला किंचित हिरवी झाक आली. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा वाटलं, दिव्याचा भास असेल. चार दिवसांनी भास पुठ्ठ्याच्या बाहेर गेला. मग बैठक झाली. शीतगृहातल्या बटाट्यांचे काप तळून ठेवले होते. ते बुटाच्या पॉलिशसारखे निघाले आणि चवीला गोड. साहेबांनी एक खाल्ला, दुसरा पुढे सरकवला आणि विषय मनोऱ्याकडे वळवला.

आमच्या जाहिरातवाल्या बाई हुशार आहेत. त्या म्हणाल्या, "हिरवं म्हणजे काय? पान हिरवं, गवत हिरवं, ताजं ते सगळं हिरवं. लोक जास्त पैसे देऊन हिरवं विकत घेतात. आपल्याला ते फुकट मिळालंय आणि आपण रडतोय!" त्याच दिवशी नवं नाव ठरलं : 'हरित बटाटा'. मागच्या बाजूला दुसरं लेबल लागलं, 'किंचित कडवटपणा हा ताजेपणाचा पुरावा'. पुठ्ठाही सुधारून आलाय. क्रमांक चार आता 'कोवळा हिरवा' आहे. जुना चार सातवर गेला.

म्हणजे नियमाप्रमाणे तुमचा मूळ बटाटा आता नाकारावा लागेल. गंमत म्हणून सांगतो.

तुमच्या पत्रातलं मी बैठकीत काढणार होतो. पण साहेब रंगात आले होते, योग्य वेळ वाटली नाही. माल मात्र जोरात चाललाय. नर्सिंग शाळेच्या वसतिगृहानं एकदम बारा पोती उचलली. शिकणाऱ्या मुली आहेत, त्यांना आरोग्याचं महत्त्व कळतं.

आपला,
धाकटा साडू


१२ मार्च

साडूभाऊ,

टपालाला चार दिवस लागतात म्हणून हे ट्रकवाल्याच्या हाती देतोय. तो तुमच्या फाटकावर उभा राहील.

वसतिगृहात आत्ता जा. बारा पोती परत आणा. सापडेल ते फेका. साहेब रंगात असोत नाहीतर बेरंगात. तुम्हाला दोन मुली आहेत.

साडू


२७ मार्च

श्री. थोरले साडूभाऊ यांस,
स. न. वि. वि.

उशिराबद्दल क्षमस्व. इकडे हवा एकदम बदलली, सकाळी गार आणि दुपारी उकाडा. धाकट्या मुलीला सर्दी झाली होती, आता बरी आहे. थोरलीला गणितात चांगले गुण मिळाले. मी नवे बूट घेतले, डावा चावतो.

ट्रकवाला भला माणूस आहे. त्याला चहा पाजला.

कामाचं विशेष काही नाही. मोठ्या संस्थांमध्ये कागदपत्रं चालूच असतात, इकडून तिकडे जातात, त्यात माणसाच्या मनाचं काही नसतं. तुमच्याकडे असा एखादा कागद आलाच तर मनाला लावून घेऊ नये, इतकीच विनंती. सगळं मिटेल.

ताईंना नमस्कार सांगा. त्यांनी धाकटीचा फोन उचलला नाही असं ती म्हणते, पण टाकीचं कारण असेल.

आपला,
धाकटा साडू


४ एप्रिल

साडूभाऊ,

कागद आला. तुम्हाला पाठ असेल, तरी लिहितो. 'सदर पुरवठादाराचा माल शेतातूनच हिरवा व सदोष आलेला असून, त्यामुळे वसतिगृहातील एकतीस विद्यार्थिनींना विषबाधा झाली आहे. पुरवठादाराचे नाव काळ्या यादीत टाकण्यात येत आहे.' खाली सही. सही तुमच्या ताईंनी ओळखली. शेवटच्या अक्षराला तुम्ही शेपूट काढता, तिच्यावरून. त्यांनी कागद घडी करून डब्याखाली ठेवला. त्यांनी फोन उचलला नाही याचं कारण टाकी नव्हे.

एकतीस मुली. त्यातली एक सहा दिवस दवाखान्यात होती, हे मला ट्रकवाल्यानं सांगितलं. तुम्ही मला बुटाचं लिहिलंत.

यादीची बातमी आमच्या आधी बाजारात पोचली. माझी नव्वद पोती कोठीत पडून आहेत. साल पक्की, रंग गोरा, आणि हात लावायला कुणी तयार नाही. पण त्यासाठी हे पत्र नाही.

कंपनीनं मनोऱ्यातली तेवीस पोती मला 'सदोष' म्हणून परत पाठवली. काल मी आणि तुमच्या ताई ती खड्ड्यात टाकायला बसलो. ताईंना सोनेरी लेबलाचा राग आला, त्यांनी नखानं एक खरवडून काढलं. लेबलाखाली बटाटा गोरा होता. लेबलाएवढा गोल, स्वच्छ, अगदी तुमचा जुना क्रमांक चार. दुसरं काढलं, तिथंही तेच. मग आम्ही दोघं खाली बसलो आणि एक अख्खं पोतं सोललं. प्रत्येक बटाटा सगळीकडे हिरवा, आणि सोनेरी लेबलाखाली गोरा.

शेतातून हिरवा आला असता तर लेबलाखालीही हिरवा असता. सगळ्या बटाट्यावर तेवढीच एक जागा तुम्ही झाकली होती, आणि तेवढीच खरं सांगतेय.

पण लेबल कुणी डकवलं, कुठल्या दिवशी, हे बटाट्याला सांगता येत नाही. आवक-वहीत काय लिहिलंय तेही त्याला वाचता येत नाही. ते येतं एकाच माणसाला.

साडू


१३ एप्रिल

थोरले साडूभाऊ,

हे पत्र चार वेळा फाडलं. या खेपेला कंपनीचा कागद घेतला नाही.

ट्रकवाल्यानं तुमची चिठ्ठी दिली तेव्हा मी निघालो होतो, खरंच. फाटकापर्यंत गेलो. मग वाटलं, साहेबांना विचारल्याशिवाय माल परत कसा मागायचा? साहेब परगावी होते, सोमवारी येणार होते. मुलींनी बटाटे खाल्ले रविवारी.

सोमवारी साहेब ओरडले नाहीत. चहा मागवला. समोर टाइप केलेला कागद ठेवला आणि म्हणाले, "पुरवठादार तुमच्या नात्यातला आहे, म्हणूनच सही तुम्ही करा. लोकांना दिसेल की ही कंपनी नातं बघत नाही." मी म्हटलं, "साहेब, माल गोरा आला होता." ते म्हणाले, "कुठल्या पुठ्ठ्याप्रमाणे? आताच्या पुठ्ठ्यावर गोरा नावाचा रंगच नाही." आणि पेन पुढे केलं. मी सही केली. शेपूट काढताना हात थांबला होता, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल, आणि ते काहीच नाही हे मला कळतं.

त्यानंतर मी वसतिगृहात गेलो. कुणी पाठवलं नव्हतं. तिथल्या मेट्रनबाईंनी मला खाली बसवलं नाही. एक मुलगी भिंतीला टेकून पेज पीत होती, मी तिला विचारलं, बटाटा कडू लागला नाही का? ती म्हणाली, "लागला ना. घसासुद्धा जळला. पण लेबलावर लिहिलं होतं, कडू म्हणजे ताजा. आम्ही म्हटलं, कंपनी शिकलेली आहे."

धाकटीनं मला काय सुनावलं ते लिहीत नाही. ती मुलींच्या खोलीत झोपते.

वीस तारखेला चौकशी आहे, सरकारी अन्न-निरीक्षक बाई येणार आहेत. आवक-वहीतलं ते पान साहेबांनी काढून घेतलंय. पण माझ्या वहीला कार्बन असतो. बारा वर्षांची सवय, पद बदललं तरी गेली नाही. खालची प्रत घरी माझ्या कपाटात आहे. तुमची एक-दोन पोती मिळतील का? लेबलं न काढलेली.

साडू


१६ एप्रिल

साडूभाऊ,

दोन पोती ट्रकवाल्याबरोबर पाठवतोय, तोंडं शिवून. लेबलं त्या बाईंच्या हातानंच निघू देत.

मी येत नाही. माझं तोंड बघून तुम्हाला धीर येईल नाहीतर जाईल, आणि दोन्हीचा उपयोग नाही.

ताई म्हणतात, जेवून जा. रिकाम्या पोटी माणूस लवकर 'हो' म्हणतो.

साडू


७ मे

थोरले साडूभाऊ,
स. न. वि. वि.

जेवून गेलो होतो.

चौकशी दालनातच झाली. साहेबांचाच आग्रह, सगळं उजेडात व्हावं. निरीक्षक बाई ठेंगण्या आणि अबोल. साहेबांनी अर्धा तास पारदर्शकतेवर भाषण दिलं, बाईंनी तेवढ्यात चष्मा दोनदा पुसला. मग मला विचारलं, "ही सही तुमची?" मी म्हटलं, "सही माझी आहे. मजकूर खोटा आहे." हे मी इतक्या हळू बोललो की त्यांनी पुन्हा बोलायला लावलं. दुसऱ्यांदा जमलं.

कार्बन-प्रत दिली. पोती उसवली. बाईंनी पिशवीतून सुरी काढली आणि एकेक लेबल सोलायला लागल्या. एकोणीस लेबलं निघाली, प्रत्येकाखाली बटाटा गोरा. मग जाहिरातवाल्या बाई म्हणाल्या, "हा गोंदाचा परिणाम असेल. आमच्या गोंदात उजळवणारे गुण आहेत." साहेबांनी जोरात मान हलवली. निरीक्षक बाईंनी विचारलं, "त्याच ट्रकमधली वीस पोती शीतगृहात होती ना? ती आणा." आणली. गोड झाली होती, तळली तर काळी पडत होती, पण बाहेरून एकही हिरवा नव्हता. "यांना तर गोंद लावला नव्हता," बाई म्हणाल्या, "मग हे कसे गोरे?" साहेबांनी छताकडे बघितलं. तिथं दिवे होते.

तुमचं नाव यादीतून निघालं, पत्र वेगळं येईलच. दालन पंधरा दिवस बंद होतं.

आता पुढचं ऐका, म्हणजे माझ्याइतकंच तुम्हालाही हसावं की काय करावं ते कळणार नाही. दालन परवा उघडलं. काचांना आतून काळा कागद लावलाय. दाराशी पाटी आहे : 'अंधारात जपलेलं. जगात प्रथमच.' साहेबांनी अंधारावर भाषण दिलं. मातीखालच्या शांततेबद्दल बोलताना त्यांचा गळा भरून आला होता म्हणे. पुठ्ठाही बदलला, चार पुन्हा सोनेरी झाला. टाळ्या भरपूर पडल्या. मी तिथं नव्हतो. कंपनीची अंतर्गत कागदपत्रं घरी ठेवली म्हणून मला काढून टाकलं. पत्रात कारण दिलंय, 'पारदर्शकतेच्या धोरणाचा भंग'.

दहा दिवस घरी बसलो. मग वसतिगृहाच्या मेट्रनबाईंचा निरोप आला. त्यांना कोठारावर माणूस हवा होता. मी म्हटलं, "बाई, मीच तो सही करणारा." त्या म्हणाल्या, "माहीत आहे. त्या आठवड्यात इथं फुलं आली, पत्रं आली, वकील आला. माणूस एकच आला. पगार कमी आहे आणि खुर्ची लाकडी आहे." सोमवारपासून लागलो. पहिल्या दिवशी कोठाराची खिडकी बुजवली.

तुमच्याकडे काही मागायचा मला हक्क नाही. मेट्रनबाईच तुम्हाला लिहिणार आहेत. धाकटी ताईंशी काल तासभर बोलली. मला काय ठरलं ते सांगितलं नाही, पण पानात दुसरी पोळी न मागता पडली.

आपला,
धाकटा साडू
(कोठारावर)


१९ मे

धाकटे साडूभाऊ,

मेट्रनबाईंचं पत्र आलं. मंगळवारी पंचवीस पोती घेऊन मी स्वतः ट्रकमध्ये बसून आलो. तुम्ही खरेदीला बाजारात गेला होता. थांबलो असतो तर भेट झाली असती, पण थांबलो नाही. का, ते लिहितोय.

तुमचं कोठार बघितलं. चांगलं ठेवलंय. पोती जमिनीपासून वीतभर वर, मध्ये हवेला जागा, कांदे लांब. मला नाव ठेवायला काही सापडलं नाही. वाईट वाटलं थोडं.

पोती उतरवत असताना एक मुलगी तिथं येऊन उभी राहिली. बारीक अंगाची, हातात वही. सहा दिवस दवाखान्यात होती ती हीच, हे मला तिथल्या स्वयंपाकीणबाईंनी नंतर सांगितलं. तिनं विचारलं, "काका, हे बटाटे तुमचे?" मी म्हटलं, हो. "ते आधीचेही?" म्हटलं, तेही. मग मी तिला लेबलाची गोष्ट सांगायला लागलो. ती मी आता बरी सांगतो, गावात आठ-दहा वेळा सांगून झालीय. निरीक्षक बाई, एकोणीस लेबलं, गोंद, सगळं. गावात या गोष्टीला फार हसतात, आणि शेवटी म्हणतात, वा, तुम्ही अगदी निर्दोष सुटलात.

मुलीनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे ते उजेडात हिरवे होणार, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

मी म्हटलं, "होतं."

"कधीपासून?"

"तुम्ही ते खाल्ले त्याच्या महिनाभर आधीपासून."

साडूभाऊ, काचेचं छत मी तुमच्या पहिल्याच पत्रात वाचलं होतं. वाचून साठ पोती पाठवली, कारण यंदा वरच्या तुकड्यात पीक उदंड होतं आणि घरच्या माणसानं मागितलं होतं. हिरवी झाक आली हे कळलं तेव्हा तुमचं गाव माझ्यापासून एका दिवसाच्या गाडीवर होतं. मला गाडीत बसता येतं, परवा बसलोच. तेव्हा मी काय केलं? फक्कड पत्रं लिहिली. ताईंना वाचून दाखवली. 'जीभ नंतर, डोळे आधी' यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो. तुमच्या सहीचा कागद आला तेव्हा तुमच्यावर इतका राग आला, की माझ्या वाट्याचा उरलाच नाही.

मुलगी म्हणाली, "मग आला का नाही तुम्ही?"

मी म्हटलं, "मी पत्र लिहिलं होतं."

ती हसली नाही, रागावलीही नाही. तिनं वहीत पोत्यांचा आकडा लिहिला आणि सहीसाठी वही माझ्यापुढे धरली. आणणाऱ्याची सही लागते म्हणाली. मी केली. सही करताना हात थांबला असं तुम्ही लिहिलं होतं, तो कसा थांबतो ते मला कळलं.

हे ताईंना तोंडानं सांगायला जमलेलं नाही. तुम्ही हे पत्र धाकटीला वाचायला द्या. तिच्याकडून त्यांना कळेलच.

तुमचा,
साडू